माळा मॅडम

माळा मॅडमना कुठलीही वस्तू आहे तिथे राहू देणं जमत नसे. हॉटेलात नेलं तर वेटर येईपर्यंत टेबलावरच्या मिठा-मिरपुडीच्या जागा बदललेल्या असत. माझा डबासुद्धा त्या पुन्हा लावून देत. भाजीचा कप्पा तळाला ठेवणाऱ्या माझ्या बायकोची त्यांना मनापासून काळजी वाटे.

तुर्भ्याच्या आमच्या लहानशा कंपनीत कागद स्कॅन करायचं सॉफ्टवेअर बनतं. त्यातल्या सेटिंग्ज कुठे दिसाव्यात, हे ठरवणं मॅडमचं काम. त्यांचा नियम थेट स्वयंपाकघरातून आलेला: "रोज लागणारं हाताशी, सणासुदीचं माळ्यावर." म्हणून कागदाचा आकार, एक बाजू की दोन्ही, रंगीत की काळंपांढरं एवढंच समोर आणि बाकी सगळं 'इतर' नावाच्या बटणाआड. त्या बटणाला आम्ही माळा म्हणू लागलो, मग मॅडमनाही. साहेबांना मात्र हे पटेना. गिऱ्हाइकाला सगळी बटणं दिसली नाहीत तर पैसे कशाचे दिले असं त्याला वाटतं, हे त्यांचं मत. शेवटी मॅडमची मांडणी शेजारच्या पावणे एमआयडीसीतल्या एका कारखानदाराला दाखवायचं ठरलं. त्याने नाक मुरडलं तर मॅडमची वर्षभराची मेहनत बाद.

कारखान्याच्या मालकांनी टेबलावरचा मालाच्या चलनांचा गठ्ठा स्वतःच मशीनमध्ये घातला. भिंतीवरच्या टीव्हीवर पानं झरझर उमटू लागली. मॅडमचा चेहरा खुलला. एवढ्यात मालक ताडकन उठले आणि हे थांबवायचं कुठून म्हणून विचारू लागले. 'थांबवा' माळ्यावर होतं. सुरू केलेलं काम मध्येच कोण कशाला थांबवेल, असा मॅडमचा हिशेब. त्या तिथवर पोचेपर्यंत चलनांमागून मालकांचा शुगरचा रिपोर्ट टीव्हीवर आला. कारखान्याचे हिशेब बघणाऱ्या त्यांच्या सौभाग्यवती समोरच बसल्या होत्या. त्यांनी रिपोर्ट सावकाश वाचला, नवऱ्यापुढचा पेढ्यांचा बॉक्स आपल्याकडे ओढला आणि म्हणाल्या, "अहो, हेच घ्या. यात काय लपत नाय."

सौदा झाला. साहेब खूश, पण मॅडमचं समाधान झालं नव्हतं. परतताना रिक्षात तुर्भे नाका आला तेव्हा मला म्हणाल्या, "अरे, काही गोष्टी रोज लागत नाहीत, पण लागतात तेव्हा शोधायला वेळ नसतो. त्यांना तिसरी जागा हवी." दुसऱ्या दिवशी 'थांबवा' लालभडक होऊन समोर आलं.

पुढे मॅडम रिटायर होऊन लेकीकडे नाशिकला गेल्या. जाताना माझा खण लावून दिला. त्यात मला अजून स्टेपलर सापडत नाही. त्यांची मात्र रोज आठवण येते.

परवा आईला अचानक हॉस्पिटलात न्यावं लागलं. काही सुचेना, तेव्हा मी मॅडमना फोन लावला. महिनोन्‌महिने बोलणं नसलं तरी त्यांचा नंबर मी फोनच्या पहिल्याच पानावर ठेवलाय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि रिपोर्टची फाइल पिशवीत सगळ्यात वर ठेवायला सांगितली. संध्याकाळी त्या स्वतःच आल्या. आईच्या उशाजवळची औषधं त्यांनी हलवून नीट लावली, आणि सकाळपासूनची माझी धडधड तेव्हा कुठे थांबली.