पहिलं बोट

स्टुटगार्टच्या आमच्या कारखान्यातल्या कॅन्टीनमध्ये सूप वाढणाऱ्या घानाच्या बाईंना हळू बोलणं माहीतच नव्हतं. सुट्टीत त्या आमच्या टेबलाशी बसायच्या, बोटाला सुई टोचायच्या आणि रक्तातली साखर सगळ्यांना ऐकवायच्या. "चला, एकशे नव्वद! आज बटाटे बंद!"

"एवढं जाहीर कशाला करता?" मी एकदा विचारलं.

"आमच्या लोकांत सगळे लपवतात," त्या म्हणाल्या. "दोन-दोन नोकऱ्या, व्हिसाची काळजी, त्यात आजारी आहोत म्हटलं की कमीपणा वाटतो. माझी बहीण लपवता लपवताच गेली."

एका रविवारी त्यांनी ओळखीच्या नर्सला घेऊन आपल्या चर्चच्या हॉलमध्ये तपासणीचं टेबल मांडलं आणि मलाही बोलावलं. झकपक सुटातले पुरुष लांबूनच थट्टा करत होते, पुढे कोणी येईना. बाईंनी सरळ माझं मनगट धरलं.

"हा इंजिनिअर कशालाच घाबरत नाही!"

मी चांगलाच घाबरलो होतो. माझ्या वडिलांना मधुमेह होता आणि मी चार वर्षं तपासणी टाळत आलो होतो.

आकडा चांगला नव्हता. बाईंनी तो तळहाताखाली झाकला आणि माझ्या कानात म्हणाल्या, "उद्या माझ्या डॉक्टरकडे जायचं. मी येते सोबत."

मग हॉलकडे वळून त्या गरजल्या, "बघा, जिवंत आहे! पुढचा कोण?"

हशा पिकला. एक म्हातारे गृहस्थ बायकोकडे टोपी देऊन पुढे आले, आणि त्यांच्यामागे रांग लागली.