आधी पडलेल्यानं बोलायचं

जर्मनीत आखनला आम्ही राहत होतो त्या घराच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त रग्बी खेळाडू राहत असे. निवृत्त म्हणजे वयानं नव्हे, तिशी त्यानं नुकतीच ओलांडली होती. खांदा वारंवार निखळू लागला तेव्हा उत्तर इंग्लंडमधल्या त्याच्या क्लबनं करार संपवला, आणि तो जर्मन बायकोच्या गावी येऊन फिजिओथेरपी शिकू लागला. त्याचा रग्बी तेरा जणांचा. पंधरा जणांचा खेळ निराळा, हे तो आम्हाला भेटेल तेव्हा बजावायचा, जणू दोन्ही खेळांतून आम्हाला मागणी होती.

त्याच्या खेळातली एकच गोष्ट मला नीट समजली. ज्याला आडवा पाडतात त्यानंच उठायचं आणि चेंडू जमिनीवर ठेवून पायानं मागे सारायचा. मगच खेळ पुढे सरकतो. तक्रारीला सवड नसते.

माझा नवरा तेव्हा तिथल्या तांत्रिक विद्यापीठात टर्बाइनच्या पात्यांवर पीएचडी करत होता. त्याला जाऊन आता दीड वर्ष होईल. त्याच्याविषयी काही लिही, असं लोक सांगतात, तेव्हा त्यांच्या मनात त्याची हुशारी असते, कष्ट असतात. मला मात्र तो आठवडा आठवतो, ज्यात तो सगळं सोडून पुण्याला परत निघाला होता.

झालं होतं असं. संस्थेच्या सेमिनारमध्ये त्यानं दोन वर्षांचं काम मांडलं. प्रोफेसरांनी आणि इतरांनी आक्षेप घेतले. त्यातले काही बरोबर होते, काही साफ चुकीचे, आणि ते चुकीचे आहेत हे त्याला उभ्या उभ्या कळत होतं. पण मोठी माणसं बोलत असताना मान खाली घालून ऐकायचं, ही आमची घरची शिकवण. तो प्रत्येक आक्षेपाला ‘या, गेनाऊ’, म्हणजे ‘हो, अगदी बरोबर’, म्हणत राहिला. शेवटी प्रोफेसर शांतपणे म्हणाले, “तुम्हाला सगळंच मान्य आहे. मग यात तुमचं असं काय उरलं?”

त्या शनिवारी त्यानं कपाटावरची बॅग खाली काढली. मी शर्टांच्या घड्या घालून द्यायला लागले.

रविवारी वरचा शेजारी तळघरातल्या वॉशिंग मशीनची पाळी बदलून मागायला आला आणि बॅग पाहून दारातच थांबला.

“सुट्टी, हेर डॉक्टर?” ‘हेर’ म्हणजे श्रीयुत; नवऱ्याला पदवी मिळण्याआधीपासून तो असंच चिडवायचा.

“घरी.”

“कायमचं?”

नवरा बॅगेची चेन ओढू लागला. मीच म्हणाले, “प्रोफेसरांनी झापलं.”

“ओरडले?”

“नाही. हळू आवाजात.”

“मग अवघड आहे. ओरडणारा कोच बरा, पाच मिनिटांत दमतो.” तो खुर्ची ओढून बसला. मी त्याच्यापुढे थालीपीठ ठेवलं. ते त्यानं पावासारखं हातात धरलं.

“तुम्हाला तर भर मैदानात शिव्या खायची सवय,” नवरा म्हणाला. “कातडी जाड होत असेल.”

“कोणाचीच होत नाही. आमच्याकडे एक होता, मैदानाच्या कडेनं पळणारा, सगळ्यांत वेगवान. पेपरात त्याच्याबद्दल आलेलं वाईट तो पाठ करायचा आणि आम्ही चिडवायच्या आत स्वतःच नाटकी आवाजात म्हणून दाखवायचा. दुसरा एक जण पेपर बायकोला वाचायला द्यायचा. ती त्यातलं फक्त कामाचं सांगायची.”

“आणि तू?”

“मी हसायचो. माझी चूक व्हिडिओत आली की सगळ्यांत मोठ्यानं मीच. एकदा कोच म्हणाला, बाहेर जा, हसून झालं की ये. बाहेर गेलो आणि ओकलो.” त्यानं थालीपीठाचा तुकडा मोडला. “त्यानंतर मी नियम पाळायला लागलो.”

नियम साधा होता. सोमवारी सामन्याचा व्हिडिओ लागे. ज्याची चूक पडद्यावर दिसेल त्यानं आधी बोलायचं. तो बोलेपर्यंत कोच नाही, कप्तान नाही, कोणीही तोंड उघडायचं नाही, मग कितीही वेळ जावो. तो बोलला की कोच एवढंच विचारी, “मग?”

“प्रेक्षक काय वाटेल ते ओरडतात,” तो म्हणाला. “पण सोमवारच्या खोलीत ते नसतात.”

सरावासाठी म्हणून संस्था सेमिनारचं चित्रीकरण करत असे. ती कॅसेट घरीच पडून होती. सोमवारी संध्याकाळी ती घेऊन आम्ही वर गेलो. पहिल्या ‘गेनाऊ’ला शेजाऱ्यानं रिमोट दाबला. पडद्यावर माझा नवरा मान तुकवून थिजला होता. आम्ही तिघं बसून राहिलो. खाली रस्त्यावरून बस गेली. मला बोलावंसं वाटत होतं, पण शेजाऱ्यानं मान हलवून मला थांबवलं.

“हा आक्षेप चुकीचा होता,” नवरा अखेर म्हणाला. “मला माहीत होतं.”

“मग?”

“मग मी हो म्हटलं.”

शेजारी पुढे झुकला. “पात्यांतलं मला काही कळत नाही. पण कोणी हात लावायच्या आत स्वतःहून खाली पडणं आमच्या खेळात फाउल धरतात. चेंडू सरळ समोरच्यांना देतात.”

नवरा हसला. त्या आठवड्यात पहिल्यांदाच. मग त्यानं स्वतः रिमोट घेतला आणि कॅसेट शेवटपर्यंत पाहिली.

दुसऱ्या दिवशी तो वेळ मागून प्रोफेसरांकडे गेला आणि आधी स्वतःच बोलला: दोन आक्षेप मान्य, दोन अमान्य, आणि का. प्रोफेसर ‘आल्झो’, म्हणजे ‘बरं तर’, म्हणाले आणि त्यांनी पेन्सिल काढली. तो घरी आला तेव्हा माझा स्वयंपाक होत आला होता. “दोनातल्या एकात हरलो मी,” त्यानं दारातूनच सांगितलं, बक्षीस मिळाल्यासारखं. जेवण झाल्यावर त्यानं बॅग परत कपाटावर ठेवली. शर्ट तिच्यातच राहिले होते. ते मी नंतर काढले.

तो गेला तेव्हा आम्ही पुण्यात होतो. फोनवर फोन येत होते. खंबीर राहा, त्याला त्रास नाही झाला, देवाची इच्छा. सगळे घाईनं बोलत. मी ‘हो, हो’ म्हणत होते. मग आखनहून त्या वरच्या शेजाऱ्याचा फोन आला. त्यानं आपण कोण ते सांगितलं आणि गप्प राहिला. लाइन तुटली असं मला वाटलं. पलीकडे श्वास ऐकू येत होता. तेव्हा लक्षात आलं की तो माझी वाट पाहतोय.

बऱ्याच वेळानं मी म्हणाले, “आज सकाळी मी त्याचाही चहा टाकला.”

“मग?” तो म्हणाला.

मग मी सांगू लागले.