कोटामागचे चिमटे

दुपारची जेवणं आटोपतात आणि दिगंबरराव कुलथे कॉटवर आडवे होतात. आडवे होतात म्हणजे नुसते आडवेच, झोप कसली येतेय! या कुशीवर वळतात, पंखा कुरकुरतो म्हणून उठून त्याचं बटण खालीवर करतात, घोटभर पाणी पितात, पुन्हा त्या कुशीवर. स्वयंपाकघरातून अक्काचा, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचा आवाज येतो, "दिगू, पड की रे गप जरा! उद्या दिवसभर माणसांची ये-जा आहे."

उद्या शैलाचं वर्षश्राद्ध. शैला त्यांची बायको. बोरुडे फ्रेमवाल्यानं सांगून ठेवलंय, कुठला फोटो मोठा करायचा ते संध्याकाळच्या आत कळवा, नाहीतर उद्या भिंत मोकळीच राहील. गेल्या वर्षी तेराव्याला घाईगर्दीत बँकेच्या पासबुकाचा टिकलीएवढा फोटो पाटावर ठेवून वेळ मारून नेली होती. आता जो लागेल तो मात्र कायमचा. येणाराजाणारा त्यालाच शैला म्हणणार.

फोटो दोन आहेत. पहिला अक्कानं निवडलाय. भाच्याच्या लग्नात घोळक्याचा फोटो काढला होता, त्यातून शैलाचं डोकं तेवढं कापून घेतलेलं. खांद्यावर जरीचा पदर, आणि चेहरा असा, की पंगत कधी बसते याची वाट बघत बाई ताटकळलीय. कानामागून कुणाच्या तरी फेट्याचा तुरा बाहेर आलाय. तो बोरुडे पुसून देणार आहे म्हणे.

दुसरा फोटो खुद्द दिगंबररावांनी गच्चीवर काढलाय. त्यात शैलानं साधी सुती साडी नेसलीय, वरून नवऱ्याचा लग्नातला करडा कोट चढवलाय, डोक्याला रुमाल बांधलाय आणि डोळ्यांवर घरच्या चष्म्याच्या दुकानातला सगळ्यात मोठा काळा गॉगल. हात खिशात. आणि उभी अशी राहिलीय, की बघणाऱ्यानं आधी चपला काढाव्यात.

"श्राद्धाला आलेली माणसं काय गॉगलला हात जोडणारेत?" अक्कानं सकाळी विचारलं, आणि दिगंबरराव चटकन म्हणाले, "बरोबर आहे तुझं." इतक्या चटकन, की अक्कालाच नवल वाटलं. ती वाद घालायच्या तयारीनं पदर खोचून आली होती बिचारी. पण तेव्हापासून बोरुड्याला फोन करायला हात जातो आणि परत येतो.

पंखा कुरकुरतो. कुरकुरता कुरकुरता त्याचा आवाज लांबतो, जाड होतो, आणि बघता बघता तो त्यांच्या चष्म्याच्या दुकानाच्या शटरचा आवाज होतो. शटर वर जातं. आत काउंटरमागे शैला बसलीय. पुढ्यात गुळगुळीत कागदाचं जाडजूड मासिक, आणि बोट जिभेला लावून ती पानं उलटतेय.

"या," ती मान वर न करता म्हणते. "नंबर तपासायचाय ना?"

"शैला! अगं, तू तर..."

"गेलेय. माहितीये मला. तुम्ही आधी बसा बघू. उभे राहिलात की खांदे पाडता."

दिगंबरराव बसतात. खुर्ची रोजचीच आहे, गिऱ्हाइकाची. पण तिथून दुकान केवढं लांबलचक दिसतंय! भिंतीवर चष्म्यांच्या फ्रेमांच्या रांगा थेट स्टेशन रोडपर्यंत गेल्यात आणि तिथल्या रद्दीवाल्याच्या दारात जाऊन थांबल्यात. तोच तो रद्दीवाला. परदेशी फॅशनची मासिकं आली की शैलासाठी बाजूला काढून ठेवायचा. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती हीच पानं घेऊन बसायची. इंग्रजी मजकुराकडे ढुंकूनही बघायची नाही. नुसत्या त्या उंच, वाळक्या, जगावर रुसलेल्या बायका तासन्‌तास न्याहाळायची.

"कपडे नाही हो घ्यायचे यांचे," ती म्हणायची. "ते आपल्याला कुठे शोभणारेत? उभं राहणं घ्यायचं."

आणि घेतलंही पठ्ठीनं. नळजोडणीच्या अर्जासाठी नगरपालिकेनं किती हेलपाटे घालायला लावले होते! एक दिवस शैला तिथे गेली ती एका पानावरच्या बाईसारखी, एक हात कमरेवर, हनुवटी जरा खाली, नजर सरळ. तोंडातून चकार शब्द काढला नाही. कारकून उठला आणि त्यानं स्वतःची खुर्ची पुढे केली. घरी येऊन किती हसली होती ती. पोट धरधरून.

आता ती हसत नाही. मासिक फिरवून त्यांच्यापुढे धरते. पानोपानी तीच आहे, जरीचा पदर घेतलेली, ताटकळलेली. पानोपानी कानामागे तो तुरा.

"हा तुरा कुणाचा?" ती विचारते.

"काय माहीत. बोरुडे पुसणार आहे तो."

"तुरा पुसेल हो. माझ्या तोंडावरची भूक कशी पुसेल? जन्मभर काय जेवणाची वाट बघत बसू भिंतीवर?"

"अक्का म्हणते, लोक..."

"लोकांचं नाव घेऊ नका. तो तुमचा करडा कोट घालून मी मारुतीच्या देवळापर्यंत चालत गेले, तेव्हा शेजारून ताठ मानेनं कोण चालत होतं? तेव्हा नाही भ्यालात ते?"

दिगंबरराव उठू बघतात, पण तिनं त्यांच्या नाकावर नंबर तपासायची जड फ्रेम चढवलीसुद्धा. ती तिच्यात काच सरकवते. खट्.

"हे बरं दिसतंय..."

समोर तुरेवाला फोटो. दिगंबरराव स्वस्थ बघत राहतात. काहीच होत नाही त्यांना. जणू दुसऱ्याच कुणाची बायको.

"...की हे?" खट्.

समोर कोट, गॉगल, खिशातले हात. दिगंबरराव डोळे गच्च मिटून घेतात.

"का मिटलेत?"

"नाही... ऊन आलं डोळ्यांवर."

"दुकानात कुठलं आलंय ऊन? परत बघा. हे बरं..." खट्. "की हे?" खट्. खट्. खट्. ती काचा बदलत राहते, ते डोळे मिटत राहतात. खुर्चीत त्यांची नुसती तगमग चाललीय.

"बास कर ना!" ते ओरडतात. डोळे उघडतात तर ऊन खरंच आलंय. ते गच्चीवर आहेत.

दोरीवर पांढरी चादर आडवी लावलीय. शैला तिच्यापुढे पाठमोरी उभी. अंगात करडा कोट. ती हात मागे करते, ओंजळीत कपड्यांचे हिरवे चिमटे आहेत.

"लावा," ती म्हणते.

हे चिमट्यांचं खूळही तिला मासिकातूनच मिळालेलं. एका पानावर फोटो काढताना पडद्याआड काय चालतं ते दाखवलं होतं. समोरून झगा असा बेतशीर, जणू त्या बाईच्या अंगावरच शिवलाय. आणि पाठीमागे सगळे चिमटेच चिमटे! "बघा, बघा," शैला म्हणाली होती, "पुढून महाराणी आणि मागून वाळत घातलेलं धुणं!" तेव्हापासून तिच्या फोटोंना चिमटे लावायचं काम दिगंबररावांचं. हौस तिची आणि वेठबिगार हे.

पण या कोटाच्या वेळेस हौस नव्हती. औषधांनी ती निम्मी झाली होती. ब्लाउज खांद्यावरून घसरायचे, बांगड्या कोपरापर्यंत जायच्या. "आता मला सगळेच कपडे मासिकातल्या बायकांसारखे घालायला हवेत," असं म्हणून तिनं त्या दिवशी पाठ पुढे केली होती. आताही केलीय.

दिगंबरराव कोट मागून मुठीत धरतात. कापड हातात येतं. आणखी धरतात, आणखी येतं. दोन्ही हातांनी गोळा करतात, कोट येतच राहतो, ढीग होतो त्याचा, पण पाठ काही लागत नाही हाताला. घाबरून ते भराभर ओढतात. चादर हलते आणि ती दवाखान्यातला पडदा असते. शैला पडद्यापलीकडे निघालीय, लांबच लांब बोळातून, खिशात हात घालून, एकेक पाऊल नेमकं समोर टाकत. दोन्ही बाजूंची माणसं खाटांवर उठून बसतात तिला बघायला. मागून कोट उघडा, लोंबतोय. दिगंबरराव चिमटे घेऊन धावतात, चिमटे हातातून सांडतात.

"शैला, थांब गं! मागून सगळं सुटलंय!"

ती थांबते. वळते. बोळ नाही, पडदा नाही, पुन्हा गच्ची आहे आणि चादर वाऱ्यानं फडफडतेय.

"आता सांगा," ती म्हणते. "तो फोटो का नको?"

आणि दिगंबररावांचा बांध फुटतो.

"मला बघवत नाही तो! लोकांना कोट दिसतो, तुझा रुबाब दिसतो. मला मागचं दिसतं. सगळा कोट माझ्या मुठीत आला होता गं. तू त्यात कुठे होतीसच? रोज दुकानातून यायचं आणि ते भिंतीवर बघायचं? मी नाही राहू शकणार त्या खोलीत. अक्का लोकांचं म्हणाली आणि मला सुटल्यासारखं झालं. खोटं का बोलू!"

शैला गॉगल काढते. डोळे तिचेच आहेत, आजाराच्या आधीचे, थोडे खोडकर.

"अहो, म्हणून तर तुमच्याकडून लावून घेतले ना चिमटे? अक्का नव्हत्या घरात? शेजारची रोहिणी नव्हती? मागचं तुम्ही एकट्यानं बघायचं. ते तुमच्यापाशी ठेवलंय मी. पुढचं भिंतीसाठी काढलं होतं, किती वेळ उभी राहिले मी त्यासाठी! पाय थरथरत होते. आणि तुम्ही मागच्यापायी पुढचंही झाकायला निघालात."

"मला नाही जमणार."

"जमेल. वळा तिकडं."

"कशाला?"

"वळा म्हणते ना! अगंबाई, सदरा बघा किती ढगळ झालाय. जेवता की नाही? नुसती हाडं लागतायत हाताला." तिचे हात त्यांच्या पाठीवर फिरतात, दोन्हीकडचं कापड ओढून मधे आणतात. चट्. "हां. आता हनुवटी खाली. खांदे मागे. आणि बोरुड्याला फोन कराल तो उभं राहून करा."

"शैला, वळू का मी आता?"

"दिगू!"

"वळू का गं?"

"दिगू, अरे कुठं वळतोस? पडशील कॉटवरून!" अक्का दंडाला धरून हलवतेय. दुसऱ्या हातात चहाचा कप. पंखा कुरकुरतोय. दिगंबररावांचे गाल ओले आहेत, उशी ओली आहे. ते उठून बसतात, पाय खाली सोडतात.

"आणि हे काय रे?" अक्का त्यांच्या पाठीमागे वाकून बघते. "पाठीला चिमटा लावून झोपलायस?"

दिगंबरराव हात मागे नेतात. बोटांना प्लास्टिक लागतं.

"हिरवा आहे," अक्का म्हणते. "हे शैलाचे. ते तर मी डब्यात घालून माळ्यावर टाकलेत, तिचं तिथे असू दे म्हणून. मी आपले निळे वापरते. तू कधी चढलास माळ्यावर? थांब, काढते."

"राहू दे."

"अरे, टोचेल."

"अक्का, राहू दे म्हणतो ना. काढू नकोस."

अक्काचा हात तिथेच थांबतो. चिमट्यात आलेली सदऱ्याची चुणी ती बोटांत धरून बघते. चांगली मूठभर आहे. मग कप टेबलावर ठेवत म्हणते, "रात्री दोन भाकरी जास्तीच्या टाकते. आणि खायच्या मुकाट्यानं."

दिगंबरराव उभे राहतात. समोरच्या आरशात सदरा अंगाला नेटका बसलेला दिसतो. ते खांदे मागे घेतात आणि फोन लावतात.

"बोरुडे, कुलथे बोलतोय. तो लग्नातला नको. कोटातला करा. हो, गॉगलवाला. नाही, गॉगल पुसायचा नाही. काहीच पुसायचं नाही. मोठ्यात मोठा करा."

अक्का कपावर बशी झाकते. पलीकडून बोरुडे काहीतरी विचारतोय.

"चादर दिसतेय पाठीमागे? दिसू द्या की. मागचं तुम्ही नका बघू, ते माझ्याकडे आहे. तुम्ही पुढचं तेवढं स्वच्छ येऊ द्या."

फोन ठेवून ते चहाला बसतात. खुर्चीला पाठ मात्र टेकवत नाहीत, चिमटा निघेल म्हणून.