लंगड्या घोड्याचा चौथा पाय

मी एकदा एका घोड्याला चौथा पाय जोडला. तीन पायांचा घोडा मला बघवेना, एवढंच कारण. कोणाला विचारलं नाही, कारण यात विचारण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. त्या एका पायामुळे माझ्या सख्ख्या मामूचा चहा बाजारांतून परत आला आणि मामू एका भल्या माणसाच्या अंगावर धावून गेला. 'भल्या' हा शब्द मी जरा जपून वापरते आहे.

माझी नात सध्या ग्राफिक डिझाइन शिकते. कॉलेजने तिला आत्मपरीक्षण लिहायला सांगितलंय: मी कोण, माझं बळ कशात, व्यवसायात उतरायची माझी तयारी किती. ती कोऱ्या स्क्रीनसमोर बसून नखं खाते आहे. म्हटलं, तू खा, तोवर मी माझं लिहून काढते.

साठचं दशक नुकतं लागलं होतं. आम्ही रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, राहायला माझगावला. मी आर्ट स्कूलमध्ये कमर्शिअल आर्टच्या शेवटच्या वर्षाला होते आणि घरात माझ्या लग्नाची बोलणी उंबऱ्यापर्यंत आली होती. अब्बांनी एक अट घातली. "नात्याबाहेरचा एक जरी व्यापारी आपल्या पायांनी तुझ्याकडे कामाचं विचारत आला, तर मी ही बोलणी थांबवतो. नाही आला, तर तू तुझी चित्रं थांबवायचीस."

नेमका तेव्हाच दुबईहून मामूचा निरोप आला. त्याचं खाडीच्या अलीकडच्या काठाला, बर दुबई भागात चहाचं दुकान. चहा पुड्यांत भरायचा, वर लेबल चिकटवायचं: पांढऱ्या कागदावर लाल घोडा. लेबलं संपत आली होती. निरोप एवढाच होता, की पहिल्यासारखीच छापून पाठवा. मी म्हटलं, मीच घेऊन जाते. माझा घोडा दुबईच्या बाजारात दिसला, की व्यापारी रांग लावतील असा माझा हिशेब.

गिरगावातल्या छापखान्यात जुना ठसा पाहिला. घोड्याचा पुढचा एक पाय गुडघ्यापासून गायब. ठशाचा तेवढा तुकडा कधीतरी उडाला होता आणि मामू वर्षानुवर्षं तसाच लंगडा घोडा विकत होता. मी नवा ठसा करून घेतला. बाकी घोडा होता तसाच ठेवला, फक्त पाय दिला. काय पाय होता तो! गुडघ्याची वळणदार रेघ, खूर जरासा उचललेला. त्या पायावर मी इतकी खूश होते, की त्याच छापखान्यात स्वतःची व्हिजिटिंग कार्डंही छापून घेतली. गिऱ्हाईक एक नाही आणि कार्डं गठ्ठाभर.

बोटीच्या डेकवर सतरंजी टाकून आम्ही निघालो. सोबतीला दापोलीचं एक कुटुंब होतं. कराचीपर्यंत मी उलट्या केल्या आणि कराचीनंतर व्याख्यानं दिली. दापोलीच्या त्या बिचाऱ्या बाईंना मी रंगसंगतीवर इतकं ऐकवलं, की मस्कत दिसल्यावर त्यांनी अल्लाचे आभार मानले.

दुबईला बोट काठाला लागत नसे. ती बाहेर समुद्रात उभी राहायची आणि आपण हलत्या शिडीवरून खाली लाँचमध्ये उतरायचं. माझ्या एका हातात लेबलांचं बोचकं, दुसऱ्या हातात काळा पोर्टफोलिओ, आणि शिडी धरायला हात नाही. खालचा खलाशी घाई करत ओरडला, "यल्ला, यल्ला!" (चला, चला!) मी पोर्टफोलिओ त्याच्याकडे टाकला. त्याने तो झेलला आणि लगेच त्यावर बसला.

पहिलं दर्शन म्हणाल तर खाडी, तिच्या दोन्ही काठांना मातकट रंगाची घरं, आणि घरांवर चौकोनी बारजील (वारा पकडून खाली खोलीत सोडणारे मनोरे). गोडं पाणी गाढवावरून डब्यातून येई. बाजारात रुपयाच चालायचा, फक्त नोटेचा रंग वेगळा. कपड्यांच्या दुकानांच्या गल्लीत हिंदीशिवाय काही कानावर पडत नव्हतं, त्यामुळे आपण परदेशात आलोय हे मला उन्हानेच पटवलं.

मामू घरी नव्हता. रास अल खैमाला वसुलीला गेला होता आणि जाताना मामीला सांगून गेला होता, की लेबलं आली की पुडे भरायचे, लाँचवर चढवायचे. शारजा, अजमानचे दुकानदार खोळंबलेत. मामीने मला कनअदचं (सुरमईचं) तिखट कालवण आणि भात वाढला, आणि हात धुऊन आम्ही खळ घेऊन बसलो.

मामीने पहिलं लेबल हातात घेतलं आणि लांब धरलं.

"बाय, ह्याला पाय आहे गो."

"असायलाच हवा ना, मामी."

"मामूला विचारलंस?"

"बघूनच खूश होईल."

मामीने माझ्याकडे पाहिलं. शिकलेली मुलगी, मुंबईहून आलेली. "असेल बाय," म्हणाली आणि तिने खळीत बोट बुडवलं. शेजारच्या बायका मदतीला आल्या. घोड्यांची फौजच्या फौज अंगणात वाळत पडली. पोती भरली, लाँचवर गेली. मी गच्चीवर बसून खाडीचं स्केच केलं आणि खाली माझी झोकदार सही ठोकली.

पुढचे काही दिवस मी गावात हुंदडले, तारवं पाहिली. शुक्रवारी ओमानी हलवा खाल्ला. मग एका सकाळी अंगणात वाळवंटातली एक बदू बाई आली. चेहऱ्यावर बतूला (निळसर चकाकणारा मुखवटा), हातात आमचा पुडा, न फोडलेला. पुडा तिने मामीसमोर ठेवला आणि घोड्याच्या पायांवर एकेक करून बोट टेकवलं. "वाहद. इथनेन. थलाथ." चौथ्या पायाशी बोट थांबलं. मग तिने पुडा आमच्याकडे सरकवला आणि मान हलवली.

"काय म्हणते ही?" मी विचारलं.

मामीचा चेहरा उतरला होता. "नकली म्हणते." तिने पदराने पुडा पुसला, जणू पाय पुसला जाईल. "हिला वाचता येत नाही गो. कोणालाच येत नाही. आमच्या चहाला हे लोक 'अल-आरज' म्हणतात. आरज म्हणजे लंगडा. मागे कोणीतरी आपल्यासारखा घोडा छापून भुशासारखा चहा विकला होता. त्याने घोडा चांगला चार पायांचा काढला. तेव्हापासून बायका पाय मोजून चहा घेतात."

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, मामूने सांगितलं असेल. तू इतकी खात्रीने बोलत होतीस."



दुपारपर्यंत एका लाँचमधून आमचीच पोती परत आली. शारजाच्या दुकानदाराने माल घेतलाच नव्हता. आणि ती पोती उतरवणाऱ्या हमालाने सांगितलं, की शेठ, म्हणजे मामू, दुसऱ्या लाँचने आलेत, पण घरी येणार नाहीत. वाटेत अजमानच्या बाजारात त्यांना चार पायांचा पुडा सापडला. ते थेट पलीकडच्या काठाला, देराला गेलेत. हाजीच्या दुकानात.

हाजी म्हणजे इराणच्या लिंगे बंदरातून आलेला चहावाला. पहिला नकली घोडा त्यानेच छापला असा मामूचा जुना संशय होता, पुरावा नव्हता. गेली काही वर्षं दोघं एकमेकांना सलाम करत नव्हते. आता मामूच्या हातात पुरावा होता, आणि तो मी काढला होता.

"बाजारात चारचौघांत चोर म्हणेल तो त्याला," मामी म्हणाली. "मग उद्या कळेल की पुडा आपल्याच घरचा. मग ह्या गावात मामूच्या शब्दाला कोण विचारील?"

मी ओढणी डोक्यावर घेतली आणि धावले.

अबरा (खाडी ओलांडायची होडी) काठाला होती. नावाडी आरामात बसला होता. होडी भरल्याशिवाय सोडायची नाही हा तिथला रिवाज. "भय्या, यल्ला," मी म्हटलं. तो म्हणाला, "इन्शाल्ला." एक माणूस आला. मग एक बकरी घेऊन दुसरा आला. बकरी चढेना. मी खाली उतरून तिला मागून ढकललं. पोर्टफोलिओत ते काम नव्हतं, पण त्या प्रवासातलं माझं एकुलतं यशस्वी काम तेच.

खाडी ती केवढीशी, पण मधल्या पाण्यात मी अब्बांना डोळ्यांसमोर पाहिलं. नात्याबाहेरचा व्यापारी माझ्याकडे येणं दूरच, नात्यातलाच बुडाला होता. परत फिरावं, मामी काय ते निस्तरेल, असंही मनात आलं. होडी परत फिरत नव्हती म्हणून मी फिरले नाही.

काठावर नावाड्याने हात पुढे केला. पैसे मी घरी विसरले होते. झग्याच्या खिशात चाचपलं, तर हाताला व्हिजिटिंग कार्ड लागलं. तेच दिलं. त्याने ते उलटसुलट पाहिलं आणि कानामागे खोचलं. माझं पहिलं कार्ड असं मार्गी लागलं.

हाजीच्या दुकानाच्या तोंडाशी माणसं जमली होती. आत मामू उभा, धुळीने माखलेला, हातात पुडा. हाजी गादीवर बसलेला. बारीक दाढी, हातात गाहव्याचा (वेलची घातलेल्या कडू कॉफीचा) पेला.

"हाजी, मैं पूछ रहा हूँ," मामू म्हणत होता, "ये घोडा किसका है? बोल दो सबके सामने. नहीं तो मैं बोलता हूँ."

"मामू," मी मागून म्हटलं.

त्याने ऐकलं नाही. मी माणसांतून आत शिरले.

"मामू, घोडा माझा आहे."

मामूने मला आधी ओळखलंच नाही. मग म्हणाला, "तू इकडे काय करतेस? घरी जा." मी पुन्हा सांगितलं, या वेळी हिंदीत, सगळ्यांना कळेल असं. लेबल मी छापलं, पाय मी काढला, पुडे आमच्याच अंगणात चिकटवले.

"कोणाला वाचवतेस गो?" मामूचा आवाज खाली आला आणि तो जास्त भीतीदायक झाला. "मी तुला जसंच्या तसं छाप म्हणून सांगितलं होतं. तू असं करशील? शिकलेली मुलगी?"

त्याचा माझ्यावर इतका विश्वास होता, की माझा मूर्खपणा त्याला पटेना. हाजीच्या गादीवर पुडे बांधायचा कागद होता आणि पेन्सिल होती. मी वाकून पाय काढला. फक्त पाय: गुडघ्याची वळणदार रेघ, उचललेला खूर. रेघ तीच आली, कारण त्या रेघेवर मी महिनाभर प्रेम केलं होतं. हाजीने मामूच्या हातून पुडा घेतला, कागदाशेजारी धरला. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"हाथ वही है," तो म्हणाला.

मामू खाली बसला. त्याने हाजीला चोर म्हटलेलं नव्हतं. शब्द ओठांपर्यंत आला होता, तेवढ्यात मी पोचले होते. हाजीने दुसरा पेला भरून मामूपुढे ठेवला. मामूने तो उचलला. मला कोणी गाहवा विचारला नाही, आणि ते योग्यच होतं.

आम्ही परत अबऱ्यात बसलो. त्याच नावाड्याने मामूकडून माझ्या आधीच्या फेरीचेही पैसे घेतले. कार्ड मात्र परत केलं नाही. काठाला लागताना मामू एवढंच म्हणाला, "तो पाय काढ." मला कळलं, की इथे 'काढ' म्हणजे पुसून टाक.

उरलेली सुट्टी मी ब्लेड घेऊन अंगणात बसले. आर्ट स्कूलमध्ये चुकलेली शाई ब्लेडने हलकेच खरवडायला शिकवतात. त्या वर्गात मला चांगले मार्क होते. एकेक पुडा घ्यायचा, गुडघ्याखाली लाल शाई खरवडायची, कागद फाटू द्यायचा नाही. लंगडे घोडे पुन्हा लाँचवर चढले. ती बतूलावाली बाई परत आली तेव्हा मी पुडा तिच्यापुढे ठेवला. तिने बोट टेकवलं. "वाहद, इथनेन, थलाथ." खरवडलेल्या जागेवरून बोट फिरवलं, थबकली, माझ्याकडे बघितलं, आणि पुडा झग्यात घातला. कोणत्याही परीक्षेत मला असं उत्तीर्ण झाल्यासारखं वाटलेलं नाही.

निघायच्या दिवशी मामू माझी ट्रंक लाँचवर चढवत होता. तेवढ्यात हाजी काठावर आला. आम्हा बायकांशी बोलायची त्याची रीत नव्हती. नजर पाण्याकडे ठेवून, मामूला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तो दोन वाक्यं बोलला. मला वाटलं, लाँचमधून पडते. पण मी मामूला तेव्हा सांगितलं नाही, नंतरही नाही. त्या दोघांचा सलाम नुकता सुरू झाला होता.

परतीच्या डेकवर मी कोणाला व्याख्यान दिलं नाही. पोर्टफोलिओ उघडला, सगळी चित्रं एकेक पाहिली, आणि प्रत्येकाला विचारलं, तुला कोण बघणार आहे? एकालाही उत्तर माहीत नव्हतं, कारण ती मी आमच्या सरांसाठी आणि आरशासाठी काढली होती. नातीला हे सांगितलं तर ती म्हणते, "नानी, दॅट्स कॉल्ड युजर रिसर्च." असेल बाई. आमच्या वेळी त्याला ब्लेडने खरवडणं म्हणत. मी पोर्टफोलिओच्या पहिल्या पानावर एक खरवडलेलं लेबल लावलं. ते अजून तिथेच आहे.

गोदीत अब्बा उभे होते. ट्रंक हमालाला देताना त्यांनी सरळच विचारलं, "नात्याबाहेरचा कोणी आला का तुझ्याकडे?"

"आला," मी म्हटलं. "चहावाला हाजी. आपल्या पायांनी, निघताना काठावर. कामाचं विचारायलाच."

"काय म्हणाला? जसंच्या तसं सांग. तुझ्या मनाचं काही जोडू नकोस."

मी जोडलं नाही. जसंच्या तसं सांगितलं, आणि अब्बा ट्रंकेवर बसून इतके हसले, की लग्नाचा विषय त्या वर्षी पुन्हा निघाला नाही. हाजी म्हणाला होता:

"बेटी, वो पहला चार टाँग वाला घोड़ा मैंने ही छपवाया था, उसके लेबल आज तक मेरे गोदाम में पड़े हैं. अब तुम्हीं बताओ, कौन-सी टाँग काटूँ?"