मामांचा दर्या

मुलांनो, तिकडं परदेशात तुम्ही समुद्राकाठी जागा घेतलीत आणि राहायचं घर व चित्रं काढायची खोली एकाच छपराखाली बांधणार आहात, असं तुमच्या आईकडून कळलं. आनंद वाटला. पण नकाशा आखायला बसण्याआधी माझ्या मामांची हकीकत ऐकून घ्या, म्हणूनच आज लिहायला बसले. घर या गोष्टीचा इतका अपमान जगात दुसऱ्या कुणी केला नसेल. अजून आठवलं की माझं डोकं तापतं.

मामा घाटनांदूरचे. मुंबईहून चित्रकला शिकून आले ते डोक्यात समुद्र घेऊनच. कुणाचीही तसबीर काढायला घेतली तरी मागे लाटा. पाटलांना बैलजोडीसह रंगवलं, तर बैलांच्या खुरांशी फेस. पाटील म्हणाले, "मास्तर, बैल बुडतील की माजे." मामा शांतपणे म्हणाले, "भरतीला अजून अवकाश हाय." जेवताना भाकरीचा तुकडा आमटीवर होडीसारखा तरंगवायचे, आणि मामी वाढायला ताटकळत उभ्या. लग्न झाल्यापासून त्या मोठ्या जावेच्या चुलीवर दिवस काढत होत्या. आपली स्वतःची चूल हवी, एवढं एकच त्यांचं मागणं होतं.

पुढं मामांनी निजाम सरकारच्या एका बड्या अंमलदाराची तसबीर काढली. तो खूश होऊन म्हणाला, "उस्ताद, दरिया के किनारे जगह देते हैं. घर भी बनाओ, तस्वीरखाना भी." उर्दूत दरिया म्हणजे नदी. आमच्या मुलखात हे गुराख्यालाही ठाऊक होतं. मामांनी मात्र नेमका मराठी दर्या ऐकला.

"आवो, आपल्या सरकारच्या राज्यात समुद्र हाय कुठं?" मामींनी विचारलं.

"सरकारकडं काय न्हाई?" मामा म्हणाले.

आणि जागा न पाहताच त्यांनी नकाशा काढला. चित्रशाळा पश्चिमेला तोंड करून, कारण समुद्र पश्चिमेला असतो. भरतीचं पाणी शिरू नये म्हणून जोतं पुरुषभर उंच. झोपायला एक कोपरा. मी तेव्हा इंग्रजी शाळेतून सुटीला आले होते. मी विचारलं, "मामा, स्वयंपाकघर कुठं आहे?"

"धुरानं रंग काळवंडतात, बाई."

"मग जेवायचं कुठं?"

"दर्याकाठी भूक लागत न्हाई."

मुंबईत शिकताना मामा ज्याच्याकडं जेवत, त्या खानावळवाल्यानं हे ऐकलं असतं तर बिचारा रडला असता.

जागा निघाली गेवराईच्या पुढं, गोदावरीकाठी. ऐन उन्हाळ्यात आम्ही बैलगाडीतून तिथं उतरलो. समोर वाळूच वाळू, मध्ये पाण्याची एक रेघ, तिच्यात म्हशी. मामा काठापर्यंत चालत गेले. मग म्हणाले, "ओहोटी हाय."

घर त्या नकाशाप्रमाणेच बांधलं गेलं. नदी उत्तरेला आणि चित्रशाळेच्या भल्यामोठ्या खिडक्या पश्चिमेला, म्हणजे लोकांच्या ज्वारीत. शहाण्या माणसानं हे बघून काय म्हणावं?

मामी तिथं राहायला गेल्या नाहीत. "चूल न्हाई तिथं मी कावून येऊ?" एवढाच निरोप त्यांनी पाठवला. त्यावर या गृहस्थानं काय करावं? चित्रशाळेच्या भिंतीवर पेटलेली चूल रंगवली. वर तवा, तव्यावर टम्म फुगलेली भाकरी. आणि मामींना बोलावणं धाडलं. माझा संताप अनावर झाला. मी मामींबरोबर गेले ते भांडायच्या तयारीनंच.

मामींनी ती भिंत नीट पाहिली, पदर खोचला, चित्राच्या पायथ्याशी तीन दगड मांडले आणि खरा जाळ केला.

"अगं, रंग जातील!" मामा ओरडले.

"भाकर खाणार का रंग?"

मामा मांडी घालून बसले. चार भाकरी खाल्ल्या.

त्यानंतरचे त्यांचे सगळे समुद्र धुरकट निघाले, पुराच्या गोदावरीसारखे गढूळ. मामी चुलीशी भाजी निवडत बसायच्या आणि मामा त्यांना लाटा समजावून सांगायचे. मामींनी समुद्र कधीच पाहिला नाही. "आलेलं पानी माघारी कावून जातं वो?" त्या विचारायच्या. मामा इतक्या मायेनं सांगायचे, जणू ते पाणी आमच्या उंबऱ्यावरूनच परतत होतं. ज्यांच्यासाठी मी भांडायला निघाले होते, त्याच हसून ऐकत बसायच्या. मग माझा राग मी कुणाला दाखवणार?

दोघंही गेली. छप्पर राहिलं नाही, चित्रं राहिली नाहीत. उंच जोतं आणि चुलीमागची काळी भिंत अजून उभी आहे.