नवीच गाडी

सातवीपुढं आमच्या गावात शाळा न्हवती. हायस्कूल वडीगोद्रीला, तीन कोसांवर, आणि त्या वाटेला एसटी न्हाई. पोरं पायी जायची, पोरीला एकटं कोण धाडतो? माझे वडील, दादा, गावातच मास्तर होते. एका पायानं अधू, सायकल जमायची न्हाई. स्कूटर घेतो आन् मीच तुला नेऊन सोडतो, म्हणायचे.

मी सातवी पास झाले त्याच उन्हाळ्यात वडीगोद्रीचे डॉक्टर गाव सोडून चालले. त्यांची स्कूटर विकायला निघाली. चांगली वापरलेली, आणि मागत होते नवीपेक्षा जास्त! आता माझ्या नातवाला हे सांगितलं तर हसतो. त्याची गाडी दुकानातून बाहेर पडली की भाव उतरतो. तेव्हा सगळंच उलटं. नवीला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघा. जुनी मात्र आज हातात. मामा पैसे द्यायला तयार होता.

दादा बिलकुल ऐकेनात. लहानपणी त्यांनी दुसऱ्यांचे उतरलेले सदरे घातल्ते. घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी आजोबांनी सांगून टाकलं, यापुढं कुणाचं वापरलेलं आणायचं न्हाई. दादांनी ते आयुष्यभर पाळलं. त्याचा मला अभिमानच होता, अजूनही हाय. पण आई त्या दिवशी चिडली. म्हणाली, “अहो, ते जास्तीचे पैसे गाडीचे न्हाईत. पोरीची वर्षं वाचतील, त्याचे हाईत.”

दादा जालन्याला गेले, नव्या गाडीचा नंबर लावून पेढे घेऊन आले. पुढच्या जूनला तुला बसवतो म्हणाले.

तो जून गेला, त्याच्या पुढचा गेला. आधी मी जुनीच पुस्तकं परत परत वाचायची, मंग तेही सोडलं. गाडीचा नंबर काही येईना, स्थळ मात्र आलं. मला धावड्याला दिली.

पोरगा रांगायला लागला होता तेव्हा एक दिवस दादा दारात. नवीकोरी स्कूटर, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं न्हवतं. पार भोकरदन ओलांडून आल्ते. दुकानाबाहेरच एकजण वर पैसे देत होता, मी दिली न्हाई, हे चहाच्या आधी सांगून झालं. मंग मला म्हणाले, बस मागं. पोराला सासूकडं देऊन मी बसले.

शाळा सुटत होती. दप्तरं घेतलेल्या पोरी रस्ता अडवून चालल्या होत्या. दादांनी गाडी थांबवली, त्या जाऊ दिल्या, पण गाडी परत चालू केली न्हाई. मागं न बघताच म्हणाले, “माय, तुझी शाळा मी बुडवली.”

तसं काही न्हाई दादा, एवढंच म्हणायचं होतं. अधू पायाचा माणूस एवढ्या लांबून आल्ता. पण मला ते म्हणवलं न्हाई.