पाचवरचा पंखा

मुलुंडच्या अभ्यासिकेत मी पंखा पाचवर लावला आणि समोरच्या मुलीचं हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं सगळं उडवून दिलं. नर्सिंगची विद्यार्थिनी होती ती. तिने टेबलभर मांडलेल्या टिपणांच्या चिठ्ठ्या होत्या त्या, आणि दुपारी तिची तोंडी परीक्षा!

"वाट लावलीत ना, काका!" म्हणत ती खाली वाकलीसुद्धा. केसांत रंगीत पेनं खोचलेली. लाल कोपरा हृदयाचा, निळा फुप्फुसाचा. चिठ्ठी उचलायची की त्यावरचं मोठ्याने म्हणायची. मी मदतीला धावलो आणि यकृत हृदयाच्या गठ्ठ्यात घातलं.

"राहू द्या. तुम्ही पेशंट व्हा."

क्लिपा लावून तिने एकेक अवयव माझ्या शर्टावर जागच्या जागी टांगला. मग अख्खी अभ्यासिका वह्या मिटून प्रश्न विचारू लागली आणि ती धडाधड उत्तरं देऊ लागली. एकही चुकलं नाही! टाळ्या पडल्या, तेव्हा माझीच छाती फुगली. हृदयाची चिठ्ठी पडता पडता राहिली.

सगळं रंगवार डब्यात भरून ती निघाली. मी विचारलं, "अगं, माझ्या डोक्याला एकही चिठ्ठी कशी नाही?"

"नसलेल्या अवयवाला मी चिठ्ठी लावत नाही, काका."